अंडकोशात हवा आली कुठून? रात्रपाळीच्या डॉक्टरसाठी तपासणीचा क्रम

निवासी डॉक्टर असताना एका रात्री पन्नाशीतले एक काका आले. "अंडात पाणी भरलंय" असं सांगत घरच्यांनी आणलेलं. आदल्या दिवशी बैलाने ढुशी दिली होती, पण ते विचारल्याशिवाय कोणी बोललं नाही. त्यांच्या दृष्टीने तो वेगळा विषय. मी अंडकोशाच्या पिशवीवर बोटं ठेवली तर कुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तसं चुरचुरलं. सदरा वर केला. बरगड्यांवर तेच, गळ्यापर्यंत तेच. मोडलेल्या बरगडीने फुफ्फुसाला भोक पाडलं होतं आणि तिथून निसटलेली हवा कातडीखालून उतरत पिशवीत येऊन साठली होती. अंडकोशाला स्वतःला काहीच झालेलं नव्हतं.

काही महिन्यांनी दुसरे एक गृहस्थ आले. जुना मधुमेह, तीन दिवसांचा ताप, गुदद्वाराजवळ फोड. हाताला तीच चुरचुर. पण ते बसू शकत नव्हते, खोलीत वास येत होता आणि पिशवीच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग होता. दोन तासांत ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते, आणि तो डाग तोवर तळहाताएवढा झाला होता.

बोटांना दोघांचंही सारखंच लागलं. एकाला छातीत नळी आणि आराम पुरला, दुसऱ्याला एका रात्रीची दिरंगाईही परवडली नसती. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात एकट्याने रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत करता यावा, म्हणून हे लिहितो आहे. रुग्णाच्या घरच्यांनी वाचलं तरी उपयोग होईल, त्यांच्यासाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

हवा इथपर्यंत पोचते कशी

तपासणीचा क्रम नुसता पाठ करायचा नसेल तर वाटा समजून घ्याव्या लागतात. अंडकोशाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते. सैल, सुरकुतलेली, ताणली जाणारी जागा. वरून येणारी कोणतीही गोष्ट, मग ते पाणी असो, रक्त असो की हवा, इथे थांबते आणि फुगते.

पहिली वाट कातडीखालची. पोटाच्या भिंतीतला स्कार्पाचा पडदा खाली उतरून अंडकोशातल्या डार्टोसच्या (कातडीला चिकटलेल्या स्नायूच्या) थराशी आणि मागे कॉलेसच्या पडद्याशी सलग होतो. छातीच्या भिंतीत शिरलेली हवा याच थरातून सरकत येते. हा पडदा जांघेच्या घडीखाली मांडीच्या पडद्याला चिकटलेला असतो, त्यामुळे या वाटेने आलेली हवा सहसा मांडीत उतरत नाही. मांडीतही चुरचुर लागली तर वाट खोलची आहे असं समजून पोटामागच्या जागेचा संशय घ्या, किंवा संसर्ग पडदे ओलांडून गेला आहे असं धरा.

दुसरी वाट पोटामागून. मोठं आतडं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) किंवा गुदाशय मागच्या बाजूने फुटलं, की हवा शुक्ररज्जूच्या, म्हणजे अंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या-नळ्यांच्या जुडग्याच्या, सोबतीने जांघेच्या नळीतून खाली येते. छातीच्या मध्यभागातली हवाही डायफ्रॅममधल्या (छाती आणि पोटामधल्या पडद्यातल्या) फटींतून पोटामागे उतरू शकते.

तिसरी वाट थेट पोटाच्या पोकळीतून. गर्भावस्थेत वृषण (पिशवीतलं अंड) खाली उतरतं ती नळी काहींमध्ये बंदच होत नाही. पोटात हवा सुटली तर ती या उघड्या नळीतून वृषणाभोवतीच्या आवरणात भरते. अशा वेळी पिशवी फुगलेली असते, ठोकली तर पोकळ वाजते, पण कातडी चिमटीत धरली तर चुरचुरत नाही. नवजात बाळाची अशी फुगलेली पिशवी दिसली तर आधी पोटाचा एक्स-रे काढा. आतडं फुटल्याची ती पहिली खूण असू शकते.

चौथी शक्यता म्हणजे हवा बाहेरून थेट आत शिरलेली: जखम, सुई, कॉम्प्रेसर. आणि पाचवी, जिच्यासाठी धावपळ करायची, ती म्हणजे जिवाणूंनी जागेवरच तयार केलेला वायू.

पायरी पहिली: आधी माणूस, मग पिशवी

नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ताप, ऑक्सिजन, ग्लुकोमीटरवर साखर. याला पाच मिनिटं लागत नाहीत. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, बोलण्यात गोंधळ, यांपैकी दोन गोष्टी असतील तर संसर्ग रक्तात पसरला आहे असं गृहीत धरून कामाला लागा.

धाप, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, रक्तदाब पडतोय, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, असं असेल तर छातीत दाबाखाली हवा साठली आहे. एक्स-रेची वाट पाहू नका. सुई घालून हवा सोडा, मग नळी टाका. अंडकोश नंतर बघता येईल.

पायरी दुसरी: चिमूट, टिचकी, पेन

रुग्णाला पडद्याआड घ्या. नातेवाइकांना बाहेर बसवा. स्त्री रुग्ण असेल तर परिचारिकेला सोबत घ्या. लाजेपोटी लपवलेली गोष्ट याच वेळी बाहेर येते, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

आधी फक्त बघा. रंग, ताण, फोड, काळा किंवा जांभळा डाग, केस काढताना झालेली जखम, सुईची खूण. दोन्ही पाय पसरून मागची बाजू आणि गुदद्वाराभोवतीचा भाग उजेडात बघितल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नका. पुढून गुलाबी दिसणारी पिशवी मागून काळी असू शकते. वास येतो का याकडेही लक्ष द्या.

मग वृषणापासून दूर, नुसती कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चोळा. चुरचुर लागली तर हवा कातडीखाली आहे. चिमटीत काही लागत नाही पण पिशवी ताणलेली आहे, अशा वेळी टिचकी मारून बघा. पाणी असेल तर आवाज बोजड येतो, हवा असेल तर पोकळ. टॉर्चवर फार विसंबू नका. पाण्यातून उजेड जातो हे आपण सगळे शिकलो, पण हवेतूनही जातो, आणि इथेच हवेला हायड्रोसीलचं (पिशवीत पाणी भरल्याचं) लेबल लागतं.

अंतर्गळही (हर्निया) असा फसवतो. पिशवीत उतरलेल्या आतड्यात वायू असतोच. गाठीचा वरचा काठ बोटांत येत नाही, खोकल्यावर धक्का लागतो, स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकू येते, तर ते आतडं आहे. तिथे सुई घालण्याचा विचारही करू नका.

दुखतं किती, हा माझ्या मते सगळ्यांत उपयोगी प्रश्न आहे. वरून सरकत आलेली हवा फारशी दुखत नाही. पिशवी नारळाएवढी होते, माणूस घाबरतो, पण हात लावू देतो. संसर्गात उलट होतं: बाहेरून थोडीशी लाली, आणि वेदना मात्र विव्हळायला लावणारी. कातडीवर दिसतं त्या मानाने दुखणं फार जास्त असेल तर खाली नुकसान चालू आहे. आणि आधी खूप दुखत होतं, आता बधिर झालं, असं रुग्ण सांगत असेल तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. नसा मेल्या आहेत.

एक गोष्ट ठसवून सांगतो: चुरचुर लागत नाही म्हणून संसर्ग नाही, असं होत नाही. पुष्कळ रुग्णांत वायू खोलवर असतो किंवा उशिरा तयार होतो.

आता पेन घ्या. लाली, सूज आणि चुरचुर जिथे संपते तिथे कातडीवर रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. दर तासाला पुन्हा बघा. वाढणाऱ्या संसर्गाची रेघ तासाभरातही हलते. एवढं विश्वासाचं आणि एवढं स्वस्त साधन आपल्याकडे दुसरं नाही.

यानंतर हात वर न्या. जांघ, पोट, बरगड्या, काखा, मान. प्रत्येक ठिकाणी तीच चिमूट. पोट कडक आहे का? गुदद्वारातून बोट घालून तपासणी करा. रक्त, दुखरा फुगवटा, फाटलेली जागा यांचा तिथेच पत्ता लागतो. संकोचामुळे टाळली जाणारी ही तपासणी आहे, आणि इथे ती टाळणं चूक आहे.

पायरी तिसरी: एकांतात विचारायचे प्रश्न

गेल्या काही दिवसांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली का? कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), ईआरसीपी (पित्तनलिकेची दुर्बिणीने तपासणी), छातीतली नळी, व्हेंटिलेटर, दाताची ड्रिलिंग? दाताच्या ड्रिलची हवा गळ्यातून छातीत उतरते, तेव्हा तो प्रश्नही सोडू नका. छातीला मार, जोराचा खोकला, दमा? गुदद्वाराजवळ गळू, लघवीच्या जागेची जखम, कॅथेटर, वरचेवर लघवीचा संसर्ग? साखर, दारू, स्टेरॉइड, एचआयव्ही?

मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी मागून बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) या गटाबाबत फूर्निए गँगरीनचा, म्हणजे जननेंद्रियांभोवतीचा भाग झपाट्याने मारणाऱ्या संसर्गाचा, इशारा दिला. हा त्रास क्वचित होतो आणि गोळ्या उपयोगी आहेत, म्हणून लोकांना त्या घाबरून बंद करायला लावू नका. पण रुग्णाला इथे संसर्ग असेल तर गोळी त्याच क्षणी थांबवा आणि इन्सुलिनवर घ्या.

आणि एक अवघड प्रश्न. कारखान्यात, गॅरेजमध्ये काम करणारा तरुण मुलगा असेल तर कॉम्प्रेसरबद्दल विचारा. साफसफाईच्या कॉम्प्रेसरचा पाइप गंमत म्हणून सहकाऱ्याच्या गुदद्वाराजवळ धरण्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार घडले आहेत, आणि त्यात माणसं दगावली आहेत. कपड्यांवरून धरला तरी तो दाब आतडं फाडू शकतो. मुलगा बहुधा "पोटात गॅस झालाय" असंच सांगेल. त्याला दोष न देता, सरळ शब्दांत विचारा. ही पोलिसांना कळवायची केस आहे. वय १८ च्या आत असेल आणि लैंगिक छळाचा संशय असेल तर पॉक्सो कायदा (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण), २०१२ नुसार कळवणं बंधनकारकच आहे. कोणी स्वतःच सुईने हवा भरून घेतलेली असते. त्या माणसाला जखमेच्या उपचाराइतकीच मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, आणि त्याच्यावर हसणारा एकही माणूस त्या खोलीत नसावा.

पायरी चौथी: तपासण्या, आणि त्यांची वाट कधी बघू नये

काळा डाग, वास, फोड, पडणारा रक्तदाब, सरकणारी रेघ यांपैकी काही असेल तर निदान झालं आहे. तिथे सीटीसाठी रुग्णाला दोन तास अडकवू नका. रक्त घ्या, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करा, सर्जनला बोलवा.

एरवी सुरुवात छातीच्या उभ्या एक्स-रेने. त्यात फुफ्फुसाभोवतीची हवा, हृदयालगतची रेघ आणि डायफ्रॅमखालची हवा एकाच फिल्मवर दिसते. ओटीपोटाच्या एक्स-रेमध्ये अंडकोश येईल इतका खाली कॅमेरा घ्यायला सांगा, नाहीतर नेमकी हवी ती जागा कापली जाते.

सोनोग्राफी खाटेजवळ होते हा तिचा मोठा फायदा. वायू चकाकतो आणि त्यामागे धुरकट सावली पडते. अंतर्गळ असेल तर आतड्याची हालचाल दिसते. वृषणाचा रक्तपुरवठा डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) बघून घ्या. मधुमेह्यांत क्वचित वायू कातडीखाली नसून थेट वृषण किंवा एपिडिडिमिसच्या (वृषणाला चिकटलेल्या नळीच्या गुंडाळीच्या) आत तयार झालेला असतो, तेही इथेच कळतं.

स्थिर रुग्णात खरं उत्तर सीटी देतं. पण मागणीपत्रावर नुसतं "पोट" लिहिलं तर फायदा नाही. "मानेपासून मांडीच्या मध्यापर्यंत, अंडकोशातील हवेचा उगम शोधणे" असं लिहा, शक्य असेल तर रेडिओलॉजिस्टशी फोनवर बोला. हवेची सलग रेघ जिथून सुरू होते तिथे उगम असतो.

रक्ताच्या तपासण्या नेहमीच्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन, सोडियम, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी), जमल्यास लॅक्टेट, आणि अँटिबायोटिकच्या आधी कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी). लरिनेक नावाची गुणपद्धती यांतल्याच सहा आकड्यांवरून गुण देते, ६ किंवा जास्त आले तर संशय वाढतो. कमी आले म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. त्या आकड्याच्या भरवशावर रुग्ण सकाळपर्यंत थांबवलेला मी पाहिला आहे, आणि सकाळी पिशवीची कातडी उरली नव्हती.

संसर्ग असेल तर

पॅरिसच्या आल्फ्रेड फूर्निएने १८८३ साली हा आजार पाच तरुणांत वर्णन केला. त्याला कारण सापडलं नव्हतं. आज बहुतेकांत सापडतं: गुदद्वाराचं गळू, मूत्रमार्ग, नाहीतर कातडीची जखम. एकाच जातीचे जिवाणू नसतात, ऑक्सिजन लागणारे आणि न लागणारे मिळून काम करतात, म्हणून औषधंही मिळूनच द्यावी लागतात. पिपरॅसिलिन-टाझोबॅक्टम किंवा कार्बापेनेम, सोबत क्लिंडामायसिन, आणि व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात हे नसेल तर सेफ्ट्रियाक्सोन आणि मेट्रोनिडाझोलचा पहिला डोस तरी देऊनच १०८ मध्ये बसवा. रक्तदाब पडलेला असेल तर किलोमागे ३० मिली सलाईन पहिल्या तीन तासांत, इन्सुलिन, ऑक्सिजन, धनुर्वाताचं इंजेक्शन.

पण हे सगळं शस्त्रक्रियेच्या वाटेवरचं आहे. मेलेला भाग काढून टाकल्याशिवाय औषध तिथे पोचतच नाही, कारण तिथल्या रक्तवाहिन्या गोठलेल्या असतात. रक्त येणाऱ्या, घट्ट भागापर्यंत कापत जायचं आणि २४ तासांच्या आसपास पुन्हा उघडून बघायचं. वृषणं मात्र बहुधा वाचतात. त्यांना रक्त थेट महाधमनीतून येणाऱ्या वेगळ्या धमनीतून मिळतं, कातडीच्या रक्तवाहिन्यांतून नाही. घरच्यांना हे आवर्जून सांगा. "अंडी काढणार का?" हा त्यांच्या मनातला प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा ओठांवर येत नाही.

रेफर करताना चिठ्ठीवर तीन गोष्टींची वेळ लिहा: पहिलं लक्षण कधी, रेघ कधी मारली, अँटिबायोटिक कधी दिलं. समोरच्या सर्जनला यावरून वेग कळतो.

संसर्ग नसेल तर

उगमावर उपचार करा. छातीची हवा असेल तर नळी. नळी आधीच असेल तर ती सरकली, वळली, तिचं एखादं छिद्र कातडीखाली आलं का ते बघा. आतडं फुटलं असेल तर सर्जन. दुर्बिणीतून अंतर्गळाची किंवा दुसरी शस्त्रक्रिया झाल्यावर फुगलेली पिशवी बहुधा कार्बन डायऑक्साइडची असते. तो वायू ऑक्सिजनपेक्षा २० पटींहून जास्त विरघळतो, म्हणून एक-दोन दिवसांत उतरतो. तिसऱ्या दिवशीही वाढत असेल, किंवा ताप आला, तर ती शस्त्रक्रियेची हवा समजू नका. आतड्याला इजा झाली आहे का हे शोधा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो हळू शोषला जातो. तिथे दिवस, कधी आठवडेही लागतात. ऑक्सिजन दिला की नायट्रोजन लवकर बाहेर पडतो.

पिशवीला आधार द्या, मांड्यांमध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा. शिश्नाची कातडी फुगून लघवी अडली तर सुरुवातीलाच कॅथेटर घाला, उशिरा तोंड सापडत नाही. सुई टोचून हवा काढण्याचा मोह टाळा. हवा अनेक कप्प्यांत असते, पुन्हा भरते, आणि निर्जंतुक हवेच्या जागी तुम्ही जंतू नेता. कातडी ताणून पांढरी पडत असेल तेव्हाच सर्जनने ते ठरवावं.

स्त्रियांमध्ये

हेच सगळं योनीच्या ओठांत होतं, आणि उशिरा कळतं, कारण बाई सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. बाळंतपणात जोर देताना फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या फुटून मान आणि छाती फुगते. ही हवा बहुधा आपोआप शोषली जाते. पण बाळंतपणाच्या टाक्यांजवळ सूज, चुरचुर आणि टाक्यांच्या मानाने फार जास्त वेदना असतील तर तो फूर्निएच आहे असं धरून चाला. "टाके आहेत, दुखणारच" असं सांगून ओल्या बाळंतिणीला परत पाठवू नका.

घरच्यांसाठी

पिशवी अचानक फुगली, दाबल्यावर चुरचुरते, तर शेकू नका, मलम लावू नका, सुई टोचू नका, कोणाकडून चोळून घेऊ नका. ताप, काळा डाग, वास, खूप दुखणं, धाप, पोट कडक होणं, यांपैकी एकही गोष्ट असेल तर रात्र आहे म्हणून थांबू नका, १०८ ला फोन लावा. मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी आणि आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत घ्या. निघताना बॉलपेनने सुजेच्या कडेला रेघ मारून वेळ लिहिलीत तर डॉक्टरचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असेल.

आणि कारण सापडलंच नाही तर

"कारण अज्ञात" लिहिण्याआधी चार गोष्टी झाल्या आहेत का ते बघा: मानेपासून मांडीपर्यंतचा सीटी, गुदद्वाराची तपासणी, मागची बाजू उजेडात बघणं, आणि एकांतातलं बोलणं. शेवटची बहुतेक वेळा राहिलेली असते. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने पुन्हा विचारलं की दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात.

चारही झाल्या, ताप नाही, वेदना नाही, रेघ स्थिर आहे, तर २४ ते ४८ तास वॉर्डात ठेवून दर चार तासांनी रेघ, नाडी आणि ताप नोंदवा. सूज उतरायला लागली तर घरी सोडा. छातीत हवा असेल तर फुफ्फुस पूर्ण भरल्याचं एक्स-रेत दिसेपर्यंत आणि डॉक्टरने परवानगी देईपर्यंत विमानप्रवास नाही. एका आठवड्याने परत बोलवा, तेव्हा साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) बघा, आणि तीच चिमूट पुन्हा एकदा पिशवीपासून गळ्यापर्यंत न्या.